वानोळ्याची थैली

"तू ये गं इकडे. तुला सवय आहे."

सरांच्या घरच्या मॅडम सैपाकघराच्या दारात उभ्या होत्या. बोट माह्याकडे. आमी सारे हॉलमधे सतरंजीवर बसलो होतो, मांडीवर वह्या घेऊन. सर बोर्डावर लिहून राह्यले होते. मले वाटलं मांगच्या कोणाले बोलावतात, म्हणून मी मांगं वळून पाहिलं. मांगं भिंत होती.

मॅडम म्हणे, तुझ्या बाबांनी मेथी आणली आहे ना, तेवढी निवडून दे, पाहुणे यायचे आहेत. मी सरांकडे पाहिलं. सरांनी मानही वळवली नाही. खडू... नाही, खडू नव्हता तो, मार्कर. मार्करचं टोपण लावत म्हणे, "जा जा. तुझं दोन मिनिटांत होईल."

मी उठली. सारे पाहून राह्यले होते. सरांची पोरगी सानिका सगळ्यांत पुढे बसली होती. तिनं पाय आवरून घेतले, मले जायले जागा व्हावी म्हणून. तिच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. तिले ते बरोबरच वाटलं. मले तेच जास्त लागलं.

आत फरशीवर जुना पेपर अंथरला होता अन् त्याच्यावर मेथीच्या जुड्या. आमच्याच. गाठ मायच्या हातची होती, मी कुठूनही ओळखली असती. मी खाली बसली अन् निसू लागली. भिंतीपलीकून सरांचा आवाज येत होता, पण वट्ट्यावर मिक्सर चालू होता. आवाज यायचा, शब्द नाही.

त्या दिवशी हॉलमधे लॉग सुरू झालं होतं. लॉग म्हणजे अकरावीचं गणित. मले ते मांगून कळलं.

ही गोष्ट माह्या दहावीच्या परीक्षेनंतरच्या उन्हाळ्याची हाय. आमचं गाव शेलूबाजारच्या अलीकडे. आमी माळी. वावर थोडंसंच, पण विहिरीले पाणी टिकते, म्हणून बारमाही भाजीपाला करतो. मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगे, भेदरं म्हणजे टमाटे. बाबा सकाळी थैले भरून जीपवर टाकतात अन् शेलूबाजारले नेऊन विकतात. मी शाळेत हुशार होती. हे मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगत नाही. गणित तं मले असं आवडे का जेवता जेवता उदाहरण आठवलं तं मी खरकट्या हातानं ताटात बोट फिरवू. माय म्हणे, अन्नात काय गिरवतं गं पोरी.

सर म्हणजे जिथं पुढे अकरावीले जायचं होतं त्या कॉलेजचे मोठे सर. संस्था त्यांच्या काकाची. गावोगावी त्यांच्या घराण्याची जमीन, सारी बटईनं, वाट्यानं कसाले देलेली. त्या कॉलेजात सायन्सच्या दोन भारी वाटा होत्या. एक स्पेशल बॅच. तिच्यात इंजिनिअरिंग अन् डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी, शिकवाले बाहेरून मास्तर येतात. दुसरं बायफोकल, म्हणजे गणित नाहीतर जीवशास्त्र सोडून त्याच्या जागी कामधंद्याचा एक विषय. त्यात क्रॉप सायन्स होतं, पिकाचं शास्त्र. अन् ज्याले हे दोन्ही नाही भेटलं त्याच्यासाठी साधी तुकडी. तिथं बेंचवर दाटीवाटी अन् मास्तर आला तं आला.

स्पेशल बॅचले कोण घ्यायचं हे सर ठरवत. त्यासाठी उन्हाळ्यात आपल्या घरी ते हुशार पोरापोरींले बोलावून शिकवत अन् शेवटी परीक्षा घेत. फुकट शिकवत. आमच्याकडच्या लोकांले त्याचं लय अप्रूप. सर देवमाणूस हाय म्हणत. माह्या बाबाले तं बोलावणं आलं त्या दिवशी चहा प्याचंही सुचलं नाही, एवढा आनंद झाला. म्हणे, मोठ्या घरी चालली तू, खाली हातानं कसं जाव?

म्हणून वानोळा.

वानोळा काय असते हे ज्याले माहीत नाही त्याले सांगते. वावरात जे पिकलं त्यातलं पहिलं, चांगलं, थोडंसं आपल्या माणसाच्या घरी नेऊन द्यायचं. विकत नाही, भीक नाही. माया हाय म्हणून. आमच्या घरून शेजारी वांगे गेले का तिकून थैली येते, पण रिकामी येत नाही. मूठभर तुरीची डाळ, नाहीतर दोन भाकरी, काहीच नसलं तं साखरेची चिमूट. रिकामं भांडं परत करू नये, ही रीत हाय. गरिबातला गरीब पाळते.

उन्हाळ्यात मेथी कोणाच्या घरी नसते. आमच्याकडे होती, विहिरीमुळे. बाजारात नेली असती तं हातोहात गेली असती. बाबानं त्यातल्या चांगल्या कोवळ्या जुड्या काढून सरांच्या घरी देल्ल्या. निळ्या कापडाची थैली होती, मायनं जुन्या पडद्याची शिवलेली. थैली रिकामी परत आली. बाबा म्हणे, मोठ्या लोकांच्या ध्यानात नसते. दुसऱ्या वेळी पुन्हा रिकामी. तिसऱ्या वेळी मॅडमनं मले आत बोलावलं.

अन् त्या दिवशी थैली रिकामी आली नाही. मी पानं निसून टोपल्यात ठेवले. मॅडमनं देठं गोळा केले, माह्यासमोर आमच्या थैलीत भरले अन् थैली माह्या हातात देल्ली. म्हणे, "तुमच्याकडे बकरी आहे ना? तिला होतील."

बकरी होती. ती थैली मी जीपमधे मांडीवर घेऊन बसली. बाजूची बाई म्हणे, भाजी आणली का? मी हो म्हणलं. घरी आल्यावर मायनं थैली उघडून पाहिली. माह्याकडे पाहिलं. देठं बकरीपुढे टाकले.

मले काय वाटलं हे तवा मले नीट सांगता आलं नसतं. राग नव्हता. लाज होती, अन् लाज सरांची नाही, माहीच. वाटे का माह्या अंगालेच मेथीचा वास असंन, म्हणून मॅडमनं एवढ्या पोरींतून मलेच बोलावलं. जायच्या आधी मी साबण लावून दोनदा हात धुवाले लागली. उपेग झाला नाही. मॅडमनं एकदा बोलावलं अन् मी गेली, मंग ते नेहमीचं झालं. कवा मेथी, कवा सांबार, कवा वालाच्या शेंगा. पोरं माहं नाव पाडून मोकळे झाले. मेथी. मेथी आली, मेथी सरक, मेथी पेन दे. सरांनी एकदा ऐकलं. ते हसले. सर हसले म्हणल्यावर ते नाव पक्कं झालं.

घरी का नाही सांगतलं? सांगतलं. बाबाले सांगतलं. बाबा म्हणे, "अवं, घरातलं काम सांगते म्हणजे घरचं समजते तुले. परक्याले कोणी सैपाकघरात घेते का?"

बाबा खोटं बोलत नव्हते. त्यांच्या दुनियेत सैपाकघरापर्यंत जाणं म्हणजे मान. आमच्या आज्याले सरांच्या आज्यानं ओसरीवरही चढू देल्लं नव्हतं, ते अंगणातूनच भाजी देऊन येत. त्या हिशोबानं मी लय वर चढली होती. असं मोजलं का माणूस कुठीही सुखी राहू शकते.

शेवटी परीक्षा झाली. बाकी पेपर मले सोपा गेला. पण लॉगवरचे जे प्रश्न होते ते मी कोरे सोडले. वाचले, पुन्हा वाचले. मले ते अक्षरंच ओळखीचे वाटले नाही. सानिकाची वही मी मांगतली होती आधी. ती देणारच होती, पण म्हणे पप्पा म्हणतात वही कोणाला द्यायची नाही, ज्यानं त्यानं वर्गात लक्ष द्यावं.

वर्गात लक्ष द्यावं.

मंग एक दिवस सरांनी साऱ्या मायबापांले बोलावलं. तोच हॉल. मायबापांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या. दुकानदार होते, मास्तर होते, एक डॉक्टर होता. बाबा धुतलेला सदरा घालून आले होते, अन् सोबत निळी थैली. मी म्हणलं आज काहून आणली? म्हणे, आज तं आणलीच पायजे. खुर्चीवर बसले नाही. भिंतीशी उभे राह्यले.

सर एकेकाचं नाव घेत अन् कोणत्या पोराले काय घ्यायचं ते सांगत. कोणी इंजिनिअरिंग, कोणी डॉक्टर. सानिकाचं काही सांगतलंच नाही, ते ठरलेलं होतं. माही पाळी आली. सर बाबाकडे पाहून हसले. अगदी गोड बोलले. म्हणे, पोरगी कष्टाळू आहे. पण गणितात हिला झेपत नाही, पेपर कोरा सोडला. स्पेशल बॅचमध्ये ताण येईल. मंग म्हणे, "क्रॉप सायन्स देऊ. घरचाच विषय आहे, मार्क खोऱ्यानं मिळतील. गणित सुटेल, सुटली बिचारी."

पोरांतून कोणीतरी हळूच म्हणलं, मेथी. खसखस पिकली.

मी बाबाकडे पाहिलं. मले वाटलं त्यांचं तोंड उतरलं असंन. नाही. बाबा खुश होते. डोळ्यात पाणी आलं होतं त्यांच्या. म्हणे, "सर, आपल्या वावरातलं बी कालेजात शिकोतात?" सर म्हणे, हो तर. अन् माह्या बापानं हात जोडले. थैली मनगटाले तशीच लोंबकळून राह्यली होती. त्याच्या कामाले कोणीतरी शास्त्र म्हणलं होतं, जन्मात पहिल्या खेपेले. त्याले दुसरं काही ऐकूच आलं नाही.

मी ऐकलं. गणित सुटेल. जसं काही एखाद्याचं दुखणं सुटते तसं. माह्यापाशी एकच गोष्ट होती जी मले कोणी देल्ली नव्हती, मी मनानं धरली होती. तीच काढून घेत होते अन् वरून उपकार म्हणत होते. माहे कान गरम झाले. मले बोलाचं नव्हतं. खरंच नव्हतं. पण मी उभी राह्यली.

म्हणलं, "सर, लॉग झालं त्या दिवशी मी तुमच्या सैपाकघरात होती. मेथी निसून राह्यली होती."

दारात मॅडम होत्या, त्या आत गेल्या. एका पोराच्या बापानं मोबाईलमधे डोकं घातलं. सरांनी आवाज चढवला नाही. मोठे लोक आवाज चढवत नाहीत. म्हणे, "असं बोलू नये बाळ. आम्ही तुला घरच्यासारखं वागवलं."

मी अजून बोलणार होती. बाबानं माहा दंड धरला. सरांले म्हणे, लेकरू हाय साहेब, अक्कल नाही, मनावर घेऊ नका. माह्या बापानं माह्या खऱ्या बोलण्याची माफी मांगतली. अन् थैली सानिकाच्या हातात देऊन आले.

जीपमधे मी एकच गोष्ट घोकत होती. घरच्यासारखं म्हणे. घरची तं हॉलमधे पुढे बसली होती, वही घेऊन. तिनं एक पान निसलं नाही. मंग मी कोण्या घरची?

दुसऱ्या दिवशी वावरात वाफ्याले पाणी देता देता बाबाचा राग फुटला. मले वाटलं होतं सरांपुढे बोलल्याचा राग असंन. तो वेगळाच होता. फावडं खाली टाकलं अन् म्हणे, "पीक शिकणं कमीपणा हाय का? मंग मी कोण हाव?"

याचं उत्तर सोपं नव्हतं. आजही सोपं नाही. माहा बाप माह्यासमोर चिखलात उभा होता अन् इचारत होता का तुले माही लाज वाटते का. मले रडू आलं. मी रडत रडतच बोलली. म्हणलं, बाबा, पीक मी तुमच्यापाशी शिकली, त्यात मले कमीपणा नाही. मी शिकीनही अजून. पण ज्या डॉक्टरच्या पोराले दहावीत माह्याहून कमी मार्क होते त्याले सरांनी पीक काहून नाही देल्लं? सानिकाच्या आज्याची एवढी जमीन हाय, तिले काहून नाही देल्लं? पीक एवढं चांगलं असतं तं त्यांनी आपल्या घरी नसतं ठेवलं? सरांनी मले पीक देल्लं नाही बाबा. माहं गणित नेलं.

बाबानं फावडं उचललं अन् पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवलं.

बोलली ती माय. ती बांधावर सांबार बांधत होती. मान वर न करता म्हणे, "देठं मी पाह्यले होते. त्याच दिवशी बोलाले पायजे होतं मी."

बाबा म्हणे, कायचे देठं? त्यांले माहीतच नव्हतं. मायनं सांगतलं. वानोळ्याच्या थैलीत देठं भरून धाडले, बकरीसाठी. बाबा बांधावर खाली बसले. बायफोकल अन् स्पेशल बॅच त्यांले कळत नव्हतं, पण हे कळलं. थैली रिकामी आली असती तं त्यांनी जन्मभर समजून घेतलं असतं. मोठ्या लोकांच्या ध्यानात नसते. पण देठं घालून. त्यांच्या तोंडाकडे पाहवत नव्हतं. मले वाटलं आपण बोललोच नसतो तं बरं झालं असतं. बापाचा देव असा भर उन्हात कोणी पाडू नये.

प्रवेशाच्या दिवशी बाबा संग आले, पण गेटच्या बाहेर लिंबाखाली थांबले. आत मी एकली गेली. खिडकीवरचा बाबू म्हणे, तुझं सरांनी क्रॉप सायन्स सांगून ठेवलं आहे. मी म्हणलं, मले गणित पायजे. तो म्हणे, स्पेशल बॅच भरली. म्हणलं, साधी तुकडी द्या. त्यानं चष्म्यावरून माह्याकडे पाहिलं. म्हणे, "सरांना विचारून ये." म्हणलं, "विषय माहा हाय. सरांले कायले इचारू?"

मी बहादुरी केली असं कोणाले वाटंन. तसं काही नाही. अन् पुढेही काही चांगलं झालं नाही, ते सांगून टाकते. साध्या तुकडीत गणिताचे मास्तर मधातच सोडून गेले, दुसरे लय उशिरा आले. वर माडीवर स्पेशल बॅचचा तास चालू राहे, खुर्च्या सरकल्या का आमच्या डोक्यावर आवाज येई. सर व्हरांड्यात दिसत. माह्याकडे पाहत नसत. नमस्कार केला तरी नाही, नाही केला तरी नाही. त्यांची पोरगी पाहे. एकदा जवळ येऊन काहीतरी बोलू पाहत होती, मंग तिच्या मैत्रिणी आल्या अन् राह्यलं.

लॉग मी आपल्या मनानं शिकली. मोबाईलवर पाहून, जुन्या पुस्तकातून. येते मले आता. पण अजूनही लॉगचं गणित समोर आलं का नाकात मेथीचा वास घुसते अन् मिक्सरचा आवाज येते. मंग मी पेन खाली ठेवते, पाणी पिते, पुन्हा धरते. हे कवा जाईन का नाही, मले माहीत नाही. पुढे प्रवेश परीक्षेत माहे मार्क कमी पडले तं लोक म्हणतीन, सर बरोबर होते, झेपत नव्हतं तिले. म्हणतीन म्हणू द्या. ते मले झेपते.

आता पुन्हा उन्हाळा हाय. मी बारावीत गेली. सरांच्या हॉलमधे नवे पोरं बसाले लागतीन. आमच्या गल्लीतल्या चैतालीले बोलावणं आलं. तिचे बाबा आमच्यासारखेच मळेवाले, विहीर आमच्याहून थोडी खोल. परवा ते आमच्या ओट्यावर आले. लाजत लाजत बाबाले इचारलं, सरांच्या घरी काय न्याव लागते हो? आमच्याकडे आता भेदरं चांगले हायत.

बाबा चिलीम नाही ओढत, नाहीतर ती ओढली असती. त्यांनी माह्याकडे पाहिलं. एवढंच. सांग म्हणले नाही, नको सांगू म्हणले नाही.

निळी थैली आता मायनं खुंटीले टांगली हाय. परत आली होती ती, कोण्या पोराच्या हातून. रिकामी. मायनं धुतली, वाळवली. शेजारच्या घरी वांगे गेले तं तिच्यातच जातात, अन् डाळ घेऊन येते.

मी चैतालीच्या बाबाले म्हणलं, काही नेऊ नका. वानोळा आपल्या माणसाले असते. अन् चैतालीले बाजूले नेलं. ती वही छातीशी धरून उभी होती, नवीकोरी. तिचे हात मी हातात घेतले. नखात माती होती, माह्यासारखीच. मी तिले धुवाले नाही सांगतलं.

म्हणलं, जा. पुढे बस, सानिका बसे तिथं. अन् आतून तुले कोणी आवाज देल्ला, कितीही गोड देल्ला, सर सोता जा म्हणले, तरी लिहत राह्य.

उठायचं नाही.